बत्तीस इंची पडदा आणि टिल्लूचे हात

३ मार्च, मंगळवार

आला एकदाचा! खोकं एवढं मोठं की भाऊजींना ते आडवं करून दारातून आत घ्यावं लागलं. ह्यांचे हे धाकटे भाऊ दिवसभर बँकेच्या काउंटरवर गंभीर चेहऱ्याने बसतात आणि संध्याकाळी घरी कॉम्प्युटरवर बंदुका चालवतात. वय वर्षं बावन्न. हा मॉनिटर त्यांनीच शोधून काढला. बत्तीस इंची, किंचित आत वळलेला, गेम खेळणाऱ्यांसाठी केलेला — आणि तरी स्वस्त. माझा जुना एकोणीस इंची मधूनच काळा पडतो, कपड्यांच्या कारखान्यासाठी पॅटर्न काढायची माझी कामं अडतात, म्हणून दोन महिने मी सगळ्यांचं डोकं खात होते.

दुकानाने दहा दिवस दिलेत. नाही पटला तर परत. तेरा तारखेपर्यंत काय ते ठरवायचं.

टेबल भिंतीपासून ओढावं लागलं. मागे हरवलेल्या तीन बॉबिन सापडल्या.

४ मार्च, बुधवार

आज कामाची परीक्षा. शर्टाची ऑर्डर उघडली, बाहीचा पॅटर्न घेतला, मोठा करत गेले — आणि बाही खऱ्या मापाची झाली! अख्खी बाही, खांद्यापासून मनगटापर्यंत, हात घालून बघावा अशी. इतकी वर्षं पडद्यावर बोटाएवढ्या बाह्या बघून अंदाजाने काम केलं. दहा मिनिटं नुसती बघत बसले.

मग दोष दिसायला लागले. पडदा आत वळलेला, त्यामुळे सरळ रेघ पोटात गेल्यासारखी दिसते. शेवटी पोलादी पट्टी लावून पाहिली. पट्टी सरळ, माझी रेघ सरळ, आणि तरी दोघींचं जमेना. अक्षरंही फुटतात. भाऊजींना फोन केला तर म्हणाले, ठिपके तेवढेच असतात वहिनी, फक्त जास्त जागेवर पसरलेत. म्हणजे कापड ताणल्यावर विरविरीत होतं, तसंच. हे मला आधी सांगायला काय झालं होतं?

संध्याकाळपर्यंत मान दुखली. कामासाठी — नापास.

५ मार्च, गुरुवार

भाऊजी येऊन ह्यांना ट्रक चालवायचा गेम लावून देऊन गेले. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस! पडदा सेकंदाला एकशे पासष्ट वेळा बदलतो म्हणे, त्यामुळे रस्ता लोण्यासारखा सरकतो. भाऊजी खेळतात तेव्हा सगळ्यांना ठोकत सुटतात. हे मात्र रिकाम्या चौकात लाल दिव्याला थांबले. वळताना इंडिकेटर दिला. पाऊण तासात कुठे पोचले नाहीत, पण चेहरा असा की जणू पुन्हा नोकरीवर रुजू झालेत.

६ मार्च, शुक्रवार

दुपारी सिनेमा लावला. काळोख अगदी खरा काळा दिसतो, रंग जरा भडक. हे दहाव्या मिनिटाला घोरायला लागले.

८ मार्च, रविवार

हे कसं लिहावं कळत नाही. पण इथे नाही तर कुठे लिहू.

आज टिल्लूचा, आमच्या लेकीचा फोन. दर रविवारी सकाळी दहाला असतो. तिला आणि जावयांना, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणं व्हिडिओवर, हातांनी. फोन हे समोर टेकवून ठेवतात, हेच बोलतात. मी ह्यांच्या खांद्यामागे उभी असते आणि मध्ये मध्ये विचारते, काय म्हणाली? हे सांगतात. अशी नऊ वर्षं झाली, तिच्या लग्नापासून.

मला हातांची भाषा येत नाही असं सगळे धरून चालतात. मीही तसंच म्हणते. खरं तर खांद्यामागून बघून बघून बरंच समजायला लागलंय, पण फोनवर तिचे हात माझ्या अंगठ्याएवढे. अर्धे सुटतात. ‘मला दिसत नाही’ म्हणायची सोय होती.

आज भाऊजींनी कॅमेरा बसवून फोन मोठ्या पडद्यावर घेतला आणि निघून गेले. टिल्लू समोर आली — आमच्या टेबलापलीकडे बसल्यासारखी. तिचे हात तिच्या हातांएवढे. डाव्या करंगळीवर भाजल्याचा डाग आहे, मला ठाऊकच नव्हता. काळं स्वेटर होतं तिचं, खोलीत उजेड कमी, त्यामुळे हात हलले की मागे काळसर शेपूट राहायची. ह्या पडद्याचा तो एक दोष. तिने खिडकी उघडली, बाह्या वर सारल्या. मग सगळं लख्ख.

इतकं लख्ख की मला वाचता आलं. ती म्हणाली, “आईला अजून सांगू नका.”

मी ह्यांना विचारलं, काय म्हणाली?

हे म्हणाले, “विचारते, नवीन मॉनिटर कसा आहे.”

९ मार्च, सोमवार

काम केलं नाही. कॉलरचे दोन पॅटर्न चुकवले आणि बंद केलं.

ती अडीच वर्षांची असताना बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं होतं. बाईंनी बजावलं — खुणा अजिबात करू द्यायच्या नाहीत. हातांची सवय लागली की मूल तोंड उघडत नाही. मी ते शब्दन् शब्द पाळलं. तिला जेवताना हातांवर बसवायचे. पाणी हवं असलं की ती हात सोडवून खूण करायची, मी ते परत मांडीखाली ठेवायचे. ‘पा’ म्हणेपर्यंत ग्लास माझ्या हातात. ती माझ्या ओठांकडे बघायची. कधी अर्धा तास. मला वाटायचं मी तिच्यासाठी झिजतेय.

ती कधीच नीट बोलली नाही. सात वर्षांची असताना हे डेपोतल्या एका मेकॅनिककडून — त्यालाही ऐकू येत नव्हतं — खुणा शिकून आले. घरी दार लावून दोघं बोलायचे. मला बाहेरून फक्त तिचं हसणं ऐकू यायचं.

ती आता एकतीस वर्षांची आहे.

१० मार्च, मंगळवार

सकाळी चहा होऊ दिला. मग सरळ म्हटलं, रविवारी मला सगळं दिसलं. मला काय सांगायचं नाही?

हे कप हातात घेऊनच माझ्याकडे वळून बसले. चालत्या बसमध्ये कोणी भांडण काढलं की गाडी बाजूला घेऊन थांबायचे, तसे. मग म्हणाले, “पाचवा महिना आहे तिला.”

मी रडले नाही. विचारलं, मग मला का नाही?

“बाळाला ऐकू येईल की नाही, माहीत नाही. तिला भीती वाटते.”

“बाळाला ऐकू न येण्याची?”

“तुझी.” एवढं म्हणून कप खाली ठेवला. “त्याचेही हात तू मांडीखाली ठेवशील, असं वाटतं तिला.”

तिची बोलणी इतकी वर्षं हे गाळून गाळून सांगत होते, हेही आज कळलं. मला लागेल ते गाळायचे. आणि माझ्याकडूनही गाळायचे, वर स्वतःचं काही घालायचे. दर रविवारी शेवटी तिला सांगायचे, आईला तुझी आठवण येते.

मी म्हटलं, “मी तसं एकदाही बोलले नव्हते.”

“बोलली नव्हतीस. पण येत होती ना?”

११ मार्च, बुधवार

कॅमेरा लावून स्वतःचेच हात पडद्यावर बघितले. मोठे, जाड, सुया टोचून टोचून खरबरीत झालेले. ह्या हातांनी हजारो कपडे बेतले आणि चार वाक्यं बेतता येईनात. हे शेजारी बसून शिकवत होते. ‘माफ कर’ म्हणून मी जे काही केलं त्याचा अर्थ म्हणे ‘साबण दे’ झाला. दोघं हसलो. मग मला हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. ह्यांनी कॅमेरा बंद केला.

जेवणानंतर पुन्हा लावला.

१२ मार्च, गुरुवार

रविवारपर्यंत धीर नव्हता. तिचं काम सुटल्यावर संध्याकाळी सहाला फोन लावला. रविवार नसताना फोन म्हणून ती घाबरून समोर आली. बेकरीतून नुकतीच परतली होती, केसांना पीठ लागलेलं.

ह्या पडद्यासमोर एकच जागा खरी — बरोबर मधली. बाजूला बसलं की रंग उतरतात आणि माणूस वाकडा दिसतो. रविवारी मध्ये हेच बसले होते. आज ह्यांनी खुर्ची सरकवली, मला मध्ये बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभे राहिले. माझ्या खांद्यामागे.

मी हात वर केले. समोरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ते मला दिसत होते. मी म्हणाले, “बाळाचं कळलं. बाबांवर रागावू नकोस. लहानपणी तुझे हात मी धरले. चूक माझी. बाळाचे हात कोणी धरणार नाही.”

एवढीच वाक्यं होती. दोन दिवस तीच घोटली होती.

ती हललीच नाही. मला वाटलं नेट अडकलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, थांब.

मग तिने उजवा हात पुढे केला आणि ‘चूक’चं माझं बोट कसं हवं होतं ते करून दाखवलं. अंगठा आत. मी केलं. तिने मान हलवली, पुन्हा. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. पण मग ती उठली, दोन पावलं मागे गेली, बाजूला वळून उभी राहिली आणि सदरा पोटाशी ताणून धरला.

पडद्यात सगळी मावली.

मी नकळत मापच घेतलं. पाचव्याच्या मानाने पोट छान आहे. कपडे मीच बेतणार.

१३ मार्च, शुक्रवार

भाऊजी खोकं घेऊनच आले, परत करायचं म्हणून. मी म्हटलं, खोकं माळ्यावर टाका. कामाला माझा जुना बरा, त्याची वायर तेवढी बदलून घेते. हा इथे राहू दे. ते म्हणाले, मग गेमसाठी ठेवताय की काय? त्यांचा चेहरा आशेने एवढा फुलला की ‘हो, तुमच्यासाठीही’ म्हणावं लागलं.

दुकानाचा निरोप होता — पाचपैकी किती तारे द्याल आणि वापर कशासाठी करता, तेही लिहा. मी लिहिलं: बारीक रेघांच्या कामाला घेऊ नये, सरळ रेघ वाकडी दिसते. अक्षरं फुटतात. ट्रकसाठी उत्तम, सिनेमासाठी चांगला. समोरच्याने गडद कपडे घातले असतील तर हात पुसट होतात, खिडकी उघडायला सांगावी. वेग एकशे पासष्ट असला तरी लेकीकडून सेकंदाला तीसच चित्रं येतात. तीस पुरतात.

चार तारे दिले.

१७ मे, रविवार

आज हे बाहेर गेले होते. मी एकटीने फोन घेतला. एकोणीस मिनिटं!

२१ जून, रविवार

ती आज भांडली. कशावरून सुरू झालं आठवत नाही — मी झबल्याला बटणं लावू की नाड्या विचारत होते. मग एकदम सगळं बाहेर आलं. हात इतके भरभर की पडदाही पुरा पडेना. ग्लास, जेवणाची खुर्ची, मुंग्या आलेले हात, शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला सर्वांसमोर माझ्यासाठी बोलून दाखवायला लावलं ते. हे मी विसरूनच गेले होते. ती नव्हती विसरली.

सगळं कळलं नाही, बरंच कळलं. न कळलेलं पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, तितक्याच रागाने. हे दारात उभे होते, पण मध्ये पडले नाहीत. एक शब्द गाळला नाही कोणी.

शेवटी थकून ती म्हणाली, नाड्या.

१५ जुलै, बुधवार

मुलगी! दोघी सुखरूप. जावयाने पडद्यासमोर बाळ धरलं आणि कितीतरी वेळ बाळच दाखवत राहिला, कारण दोन्ही हात अडकलेले — बोलणार कशाने?

२ ऑगस्ट, रविवार

बाळाच्या कानांची तपासणी झाली. ऐकू येतं. दोन्ही कानांनी, अगदी स्वच्छ.

मी हातांनी काय म्हणावं ते शोधत होते, तेवढ्यात टिल्लूने बाळ एका हातावर घेतलं, एक हात मोकळा केला, आणि मला नीट कळावं म्हणून सावकाश म्हणाली:

“हात आम्ही शिकवू. आवाज आमच्या घरात नाही. आई, रोज फोन कर आणि तिच्याशी बोल. तोंडाने.”