उंबरठ्यासकट

आबा, परवा सून विचारत होती, तुमचं लहानपणचं घर कुठे हो? मी म्हटलं, जळगावात, कापसाच्या जिनाजवळ. मग म्हटलं, नाही, मेहरूणला. ती हसली. तिला काय सांगू, घर एकच होतं आणि दोन्हीकडे होतं.

पारोळ्याहून तुम्ही जिनात कामाला आलात आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाला माती लिंपून दोन खाटांएवढं घर उभं केलंत. मी पाचेक वर्षांची असेन, भाऊ नुकता जन्मलेला. ओव्हरसियर दारात उभा आहे, हातात मिटलेली छत्री. जिनाचा कापूस उडतो, एक ठिणगी पडली तर आख्खी आळी जाईल, म्हणून म्युन्सिपालटीच्या हद्दीत कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर चालणार नाही म्हणतो. खोटं नव्हतं ते. "संध्याकाळपर्यंत काढा, नाहीतर आमची माणसं पाडतील." तुम्ही हात जोडलेत. "साहेब, घरमा बाळंतीण शे. सव्वा महिना तिले उंबरठा वलांडता येत नई." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "अहो, मग मी काय करू? घर इथून हललं पाहिजे."

"हाली जाई," तुम्ही म्हणालात.

तुम्ही मागची भिंत सोडवलीत, शेजाऱ्याची बैलगाडी उलटी ढकलत आत घेतलीत, मायची खाट अलगद तिच्यावर चढवलीत. चारी खांब गाडीला आवळून बुंध्याशी कापलेत, भिंत परत बांधलीत. शेवटी उंबरठ्याचं लाकूड उपटून दाराशी पक्कं केलंत. मायच्या डोक्यावरचं छप्पर क्षणभरही दूर झालं नाही. गाडी निघाली. आत अंधार, ओव्याचा वास, भाऊचं चुटूचुटू पिणं. कुडाच्या फटीतून कापसाचे ढीग जातात, एक म्हैस जाते, पानाचं दुकान जातं, अगदी सावकाश. जणू आपण जागच्या जागी आणि गावच कुठे तरी निघालंय. "घर लई कोठे चालना भाऊ?" कुणी ओरडलं. "बायकोले माहेर पोचाडी ऱ्हायना का?" माय पदर तोंडात धरून अशी हसली की खाट हलली. ओव्हरसियर हद्दीच्या दगडापर्यंत सायकल ढकलत मागे आला. "गाडीला माझी हरकत नाही," म्हणाला आणि वळला.

मेहरूणच्या तळ्याकडच्या मळ्यात बोरीखाली मालकाने राहू दिलं. सव्वा महिन्याने मायने उंबरठा ओलांडला. समोर नुसतं पाणी. तिला सगळं ठाऊक होतं, तरी विचारलंच, "जळगाव कोठे गये?"

"तठेच शे," तुम्ही म्हणालात. "आपलंच घर अठे उनं."

सुनेला हे सगळं सांगितलं, आबा. हा कागद मात्र घडी करून उशीखाली ठेवीन, कुठल्या पत्त्यावर टाकू? आताचं घर पक्कं आहे, रीतसर परवानगीचं. पण दुपारी डोळा लागताना फरशी किंचित चालू लागते. मी कुणाला हाक मारत नाही. जाऊ देते.