आयुधपूजा आणि बॅटरीचे देहावसान

घाटंजी, मंगळवार, सायंकाळ

न्हाणीघरात आईसाठी आधाराची दांडी आज अखेर प्रतिष्ठापित झाली. आई तिथे घसरली तेव्हापासून मी प्रतिज्ञाबद्ध होतो. परंतु आमच्या ड्रिलची बॅटरी खंडेनवमीपासून चार्जच होईना. तिला मृत घोषित करून यवतमाळहून नवी आणली, छिद्रे पाडली.

नंतर जुनीचे अंत्यदर्शन घेतले, तो तिच्या चार्जरला टेकणाऱ्या पट्ट्यांच्या फटींत कुंकू ठासलेले! वर एक अक्षत. आयुधपूजा आईनेच केली होती. अतिभक्तीनेही मृत्यू येतो काय? ब्रशने कुंकू झाडले; चार्जरचा दिवा तत्काळ प्रज्वलित.

"आईले सांगू काय?" अर्धांगिनी हसू दाबत म्हणाली.

"खबरदार! आयुष्यात पुन्हा पूजेच्या ताटाले हात लावणार नाही ते."

तेवढ्यात आईच ताट घेऊन आली. "जुनी कायनं मेली रे?"

"वार्धक्यानं."

"माह्यंच कुंकू कमी पडलं असन. आण नवी इकडं."

फटींवर अंगठा घट्ट दाबून मी नवी बॅटरी नम्रपणे तिच्यापुढे धरली. अंगठा अद्याप लाल आहे.