बिनआवाजाचे ड्रम

॥ श्री ॥

उस्मानपुरा, औरंगाबाद
४ जुलै २०११

चि. सौ. कालिंदी हिस व्यंकटदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन करू नकोस म्हणून बजावलं होतं, ते पाळलंस हे बरं केलंस. हल्ली फोनवर माणसं तोंडात सुपारी धरल्यासारखी पुटपुटतात. त्यापेक्षा शाई परवडली.

तुझ्या कन्यारत्नाचं सामान आलं. पुस्तकं एक पिशवी आणि ड्रम एक टेम्पोभर. आपल्या घराण्यात आजवर ऑफिसातलं टेबल सोडून कुणी काही बडवलं नव्हतं, तीही उणीव भरून निघाली. होस्टेलवाल्यांनी घालवलं यात नवल ते काय? युवक महोत्सवात वाजवायचंय म्हणे! माडीवरची खोली दिली आहे, पण एका अटीवर. ज्या दिवशी त्या धुडगुसाचा आवाज माझ्या कानावर पडेल, त्या दिवशी सारा पसारा सोयगावच्या एसटीच्या टपावर चढेल आणि वाजवणारी आत बसेल.

एक मात्र आहे. तुमच्याकडं ही पोरगी नाकातल्या नाकात बोलायची. माझ्याकडं आल्यापासून खणखणीत बोलते. वळण लागतं ते असं.

लोभ आहेच, तो टिकवणं आता तुझ्या मुलीच्या हाती.

व्यंकटदादा

॥ श्री ॥

उस्मानपुरा
२८ जुलै २०११

चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद.

तुझ्या मुलीचा उद्योग ऐक. ड्रमवर काळ्या रबराच्या चकत्या, पितळी थाळ्यांना रबर, आणि पायानं वाजवायच्या त्या पिंपाच्या पोटात तुझ्या वहिनीच्या हातची गोधडी. ती असती तर हिला त्याच गोधडीत बांधून परत पाठवली असती. दणका जमिनीतून खाली उतरतो म्हणे, म्हणून फळीखाली टेनिसचे चेंडू आणि फळीवर हा सगळा थाट. वाजवायचं आणि वाजू द्यायचं नाही! याला हल्ली रियाज म्हणतात.

रोज संध्याकाळी जिन्यात येऊन विचारते, ऐकू येतं का. मी म्हणतो, नाही. रबरानं हात चुकतो म्हणून एक चकती काढू का म्हणाली. काढ म्हटलं. तरी शांतता. मग दुसरी काढली, तिसरी काढली. तरी काही नाही. असल्या मुक्या वाद्यासाठी लोक टाळ्या वाजवणार असतील तर त्यांचीही कीव येते.

भिंतीला भिंत लागून राहणारा बद्रीनाथ परवा दारात येऊन ओठ हलवत उभा राहिला. शेवटी हातवाऱ्यांवरून समजलं की, स्वारी आवाजाची तक्रार करतेय. मी त्याला खोटारडा म्हणून दार लावून घेतलं. आधी नीट बोलायला शिक म्हणावं!

कळावे. तुम्हा मंडळींवर लोभ आहे, बद्रीनाथवर नाही.

व्यंकटदादा

उस्मानपुरा
६ ऑगस्ट

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

मोबाईलवर बोलताना रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

काल मी सगळं रबर काढलं. एक थाळी जिन्याच्या तोंडाशी आणली आणि जीव खाऊन मारली. समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. खाली मामा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं. मला आधी हसू आलं, मग थाळी हातानं धरून थांबवली.

आई, मी खणखणीत बोलत नाही गं, मी ओरडते. नाहीतर त्यांना कळतच नाही. परवा रस्ता ओलांडताना मागून टेम्पो हॉर्न देत होता आणि हे आपले ऐटीत चालले होते. मी हात धरून ओढलं, तर मलाच रागावले.

सांगावं तर त्यांना लई लागेल. शिवाय कान बरे झाले की अटीप्रमाणे मी पहिल्याच दिवशी एसटीत, आणि महोत्सव तर तोंडावर आलाय. गप्प बसले तर सगळं माझ्या सोयीचं. ते सोयीचं आहे म्हणूनच झोप लागत नाही. तूच लिही त्यांना. मी बॅग भरून ठेवतेय.

बाबांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी
उमा

सोयगाव
१० ऑगस्ट २०११

ती. स्व. दादांना कालिंदीचा शि. सा. न.

दादा, तुमच्या पत्रात फोन पुटपुटतो, बद्रीनाथ पुटपुटतो, अख्खा उस्मानपुरा पुटपुटतो. सारं जग एकदम हळू बोलायला लागलं आणि एकटी आमची उमा तेवढी खणखणीत, हे कसं? सगळ्या जगाला नावं ठेवून झाली असतील तर आता स्वतःचे कान दाखवून या.

तिनं रबर काढून तुमच्या डोक्यावर थाळी बडवली आणि तुम्ही पेपरचं पान उलटलंत. ती गप्प बसली असती तर महोत्सवापर्यंत बिनघोर वाजवत राहिली असती. तिनं मला कळवलं. कान सुधारल्यावर तिला घालवायचं असेल तर खुशाल घालवा.

रागावलात तरी चालेल, लोभ कमी केलेला चालणार नाही.

कालिंदी

॥ श्री ॥

उस्मानपुरा
२५ ऑगस्ट २०११

चि. सौ. कालिंदीस आशीर्वाद.

गेलो होतो. डॉक्टर म्हणजे कालचं पोर. मला कपाटाएवढ्या खोलीत बसवून कानात शिट्ट्या वाजवल्या आणि वाटाण्याएवढं यंत्र दिलं. ते घालून घरी आलो तर पंखा कुरकुरतो, चपला फरफटतात, आणि मी जेवताना मचमच करतो! इतकी वर्षं कुणी बोललं नाही. सगळे भित्रे.

मग उमानं जेवायला हाक मारली आणि माझ्या हातून तांब्या पडला. कालिंदे, ती बारीक आवाजाची पोर माझ्यासाठी घसा फाडत होती आणि मी वळणाची फुशारकी मारत होतो. घसा बसलाय तिचा. मला लाज वाटली.

बद्रीनाथकडं जाऊन माफी मागितली. तो पुटपुटत नाही, चांगला बोंबलतो. चहा मात्र पाणचट दिला.

संध्याकाळी उमाला वाजवायला सांगितलं. भयंकर आहे. सगळं रबर लावूनही टपटप कानावर पडलीच. शब्द म्हणजे शब्द. ती बॅग जिन्याखाली घेऊन आली.

मी यंत्र काढून खिशात टाकलं आणि तिला वर जायला सांगितलं. आता रोज ती वाजवायला बसली की यंत्र खिशात. रबर राहील, ते बद्रीनाथसाठी. माझ्या कानावर काही पडत नाही, तेव्हा अट मोडलेली नाही. महोत्सवाला मात्र यंत्र घालून पहिल्या रांगेत बसणार आहे. तिथं माझी अट लागू नाही.

लोभ वाढवावा असं तुला सांगत नाही, तू तो पत्रातून सुनावलाच आहेस. आता फोन केलास तरी चालेल. ओरडू नकोस.

व्यंकटदादा