वर्षात माती होते

प्रिय संजना,

देवळ्याहून लिहितेय. फोनवर बोलले असते, तर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि होस्टेलपासूनच्या सवयीने मीही जाऊ दिलं असतं.

आमच्या बचत गटातल्या लताबाई आठवतात? तू कंपनीकडून सॅनिटरी पॅडची माहिती द्यायला आलीस, तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, "वापरल्यावर टाकायचं कुठं?" पाकिटावर हिरवं पान होतं, खाली ‘शंभर टक्के विघटनशील’. तू म्हणालीस, जमिनीत पुरा, वर्षात माती होते. पुढे तीन वर्षं पॅड विकताना हेच वाक्य मी घरोघरी म्हटलं. कांद्याच्या खळ्यावर, बाळंतिणीच्या उशाशी बसून. बायकांनी कंपनीवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला.

गेल्या महिन्यात लताबाईंनी बांधाकडची पडीक पट्टी कांद्यासाठी मोडायला घेतली. त्या तिथेच पुरत होत्या. रोटाव्हेटर दहा पावलं गेला नि अडकला. पात्यांना गुंडाळून आले ते आमचे पॅड. कापूस गेलेला, प्लास्टिक जसंच्या तसं. ट्रॅक्टरवाल्याने काठीने उचलून विचारलं, "हे काय हाय?" बांधावर सासरे, दीर, शेजारचे गडी उभे. लताबाई पुढे झाल्या. खाली बसून एकेक तुकडा हाताने वेचला आणि पदरात घेतला.

संध्याकाळी माझ्याकडे आल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "तू सांगितलं म्हणून पुरलं गं. नायतर जाळलं असतं."

मी कंपनीला फोन केला. पाकिटामागे बारीक अक्षरात ‘योग्य परिस्थितीत’ असं लिहिलंय म्हणे. कुठली परिस्थिती, ते त्यांनाही सांगता येईना. मग भारत सरांकडे गेले. निवृत्तीनंतर ते लोकांच्या ग्राहक तक्रारी लिहून देतात. म्हणाले, पर्यावरणाचा दावा छापला की तो सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्याची. लताबाईंच्या नावाने नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगासाठी तक्रार तयार झाली. कंपनीचं नाव लिहून सरांनी विचारलं, विकलं कोणी? लताबाई घाईने म्हणाल्या, "तिचं नाव नका घालू." मी माझं नाव घालायला लावलं.

का, ते तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. आता तक्रारीसोबतच्या माझ्या शपथपत्रात लिहिलंय. दुसऱ्या वर्षी सातपूरच्या गोदामात, गाडीत खोकी चढवताना, तू मला हळूच म्हणालीस, "खालचा थर साधा प्लास्टिकचाच आहे गं. पण खणून कोण बघणार?" आणि मी हसले होते. त्यानंतरही वर्षभर विकत राहिले. शपथपत्रात तुझं नाव आलंय, संजना. तुझ्या नोकरीचं काय होईल, ते मला कळतं. नोटीस कंपनीत पोचण्याआधी तुला हे माझ्याकडून समजावं, म्हणून हे पत्र. मी हसले होते, हे परवा लताबाईंनाही सांगितलं. त्या उठून गेल्या. अजून आलेल्या नाहीत.

तुझीच,
उज्वला