दोन्ही हात ताटावर

व्हॅलेंटाइन, नेब्रास्का
२० फेब्रुवारी २०११

ती. सौ. व्लास्ता आत्यास,
भाची मार्लाचा सा. न. वि. वि.

तू धाडलेले खसखशीचे गोड पाव, आपले कोलाच, पोचले. अर्धे वाटेत चुरले होते, ते चमच्याने खाल्ले. सध्या गाई विण्याचे दिवस, त्यामुळे झोप मिळते ती गोठ्यात उभ्या उभ्या.

बातमी अशी की परवाना आला. कोटाखाली पिस्तूल बाळगायला आता सरकारची हरकत नाही. गुंगीच्या औषधांसाठी त्या चोरट्याने मला माझ्याच पिकअपवर आपटून मनगट मोडलं, तेव्हापासून दूरच्या गोठ्यांवर एकटीनं जाताना जीव मुठीत असतो. गुरांच्या डॉक्टरच्या गाडीत काय असतं, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय.

पोलिसानं गाडी थांबवली तर काय करायचं, ही नाताळातली तुझी शिकवणी आठवली की मात्र अजून हसू येतं. मला खुर्चीवर बसवलंस, हातात भट्टीतलं पत्र्याचं गोल ताट दिलंस, हे स्टिअरिंग समज म्हणालीस आणि लाटणं घेऊन स्वतः पोलीस झालीस. अकरा वेळा तेच वाक्य म्हणून घेतलंस, आत्या! लूमिरकाका तर मधेच उठून बाहेर गेले. त्यांना सांग, सोळा वर्षं बायकोला गाडी चालवायला लावून शेजारी बसून फिरणाऱ्यानं एवढं लाजू नये.

लोभ असू दे, टोमणे जरा आवर.

तुझी,
मार्ला


ऑर्ड
२७ फेब्रुवारी

चि. मार्ला हिस अनेक आशीर्वाद.

हसलीस, हस. पण काका का उठून गेले ते आज लिहिते. त्यांना विचारून लिहिते आहे.

आपली माणसं कशी आहेत, तुला ठाऊक आहे. कुणी आपल्याकडे चालत यायला लागलं की आपण गाडीतून उतरतो, दोन पावलं पुढे जातो. बसून राहणं म्हणजे माज. पंच्याण्णव साली खाली दुसऱ्या जिल्ह्यात पोलिसानं आमची गाडी थांबवली, तेव्हा तुझ्या काकांनीही तेच केलं. कमरेला पिस्तूल होतं, कोल्ह्यांसाठी, उघड लावलेलं, कागद चोख. लायसन्स त्याच बाजूच्या मागच्या खिशात. हसत हसत पोलिसाकडे निघाले आणि हात मागे नेला.

पुढच्या क्षणी त्या पोलिसाचं पिस्तूल तुझ्या काकांच्या छातीवर होतं. मी आतून ओरडले, "लूमिर, हात!" ते जागच्या जागी थिजले, म्हणून आज आहेत. पोलीससुद्धा तितकाच घाबरला होता गं. नंतर सगळं निस्तरलं, एकमेकांची माफी मागून झाली. घरी आल्यावर काकांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या, त्या आजतागायत परत मागितल्या नाहीत. सगळ्या घराला वाटतं, मीच त्यांना स्टिअरिंगला हात लावू देत नाही. वाटू दे, म्हणाले.

तेव्हा लायसन्स आणि परवाना आजच्या आज खिशातून काढ आणि समोरच्या काचेवरच्या उन्हाच्या झापडीत खोच. उतरायचं नाही. आधी परवाना म्हणायचं. पिस्तूल हा शब्द तोंडातून काढूच नकोस. तो ऐकणाऱ्याला बाकीचं काही ऐकू येत नाही.

तुझं मनगट कसं आहे ते लिहिलं नाहीस. काळजी माझ्या स्वभावातच आहे, तिला नावं ठेवू नकोस.

तुझी,
व्लास्ता आत्या


व्हॅलेंटाइन
१६ मार्च

ती. सौ. आत्यास सा. न.

आधी काकांची माफी. त्यांच्यावर एवढी वर्षं विनोद केले आणि त्यांनी ते निमूट ऐकून घेतले. मला फार लाज वाटली.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी दोन्ही कागद झापडीत खोचले. बरं झालं. काल दुपारी एका अडलेल्या गाईला सोडवून परत येत होते, तर मागे लाल-निळे दिवे. मागचा दिवा चिखलानं बरबटून दिसेनासा झाला होता. आरशात पाहिलं तर पोलिसांत डेप्युटी म्हणून नवीनच लागलेली एक पोरगी, बोचऱ्या वाऱ्यात टोपी सांभाळत येत होती. आत्या, खोटं नाही सांगत, माझा हात दाराच्या कडीवर गेला. बिचारी एवढी चालत येतेय, आपणच उतरून दिवा पुसावा, एवढंच डोक्यात. पत्र वाचूनसुद्धा!

आणि मग ते ताट आठवलं. हात आपोआप कडीवरून निघाला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर बसले. काच मी आधीच खाली केली होती. वाक्य तुझंच म्हटलं: "माझ्याकडे सोबत बाळगायचा परवाना आहे, आणि ते आत्ता माझ्या उजव्या कमरेला आहे. मी काय करू, तुम्ही सांगा."

तिचा हात तिच्या कमरेवर गेला. मी बिथरलेल्या कालवडीशी बोलते ना, तसं हळू सांगितलं की कागद झापडीत आहेत, डाव्या हातानं काढू का? ती हो म्हणाली. काढले. तिचा हात कमरेवरून खाली आला. तुमचं पिस्तूल तुमच्याकडेच राहू द्या, म्हणाली. मग आपल्याच हातमोज्यानं माझा दिवा पुसला. जाताना विचारलं, हे बोलायला कुणी शिकवलं? मी सांगितलं, आत्यानं, पत्र्याच्या ताटावर. हसली नाही गं. तिला स्वतःच्या आईला सांगायचं होतं, म्हणून वाक्य लिहून घेतलं.

तुझ्यासारखी मास्तरीण मला दुसरी भेटली नाही. अकरा वेळा म्हणून घेतलंस, म्हणून काल जेवायला घरी पोचले.

माया अशीच असू दे, आणि टोमणेही. आवरू नकोस.

तुझी,
मार्ला


ऑर्ड
२१ मार्च

चि. मार्ला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी काकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कडीवर हात गेला ते वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे एकटा मीच गाढव नव्हतो."

मी कौतुक करत नाही, तुला माहीत आहे. पण कडीवर गेलेला हात परत आणणं, हे मी शिकवलं नव्हतं, बाई. ते तुझं.

पत्र इथेच संपवते, कारण टपालात टाकायला निघायचंय. काकांनी किल्ल्या मागितल्या आहेत. गाडी सुरू करून अंगणात माझी वाट बघत बसलेत, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी आज शेजारी बसणार.

तुझी,
व्लास्ता आत्या