कापलेला समास

अप्पा, ही देवनागरी तुम्हीच मला शिकवलीत, तेव्हा शुद्धलेखन चुकलं तर दोष तुमच्या माथी. बाकीचा सगळा माझ्या.

तुमच्या लिथोग्राफांबद्दल लिहायचं आहे. बाकीचे मास्तर पगारातून घरं बांधत होते आणि आमचे ड्रॉइंग मास्तर अप्पा मद्रासच्या नव्या चित्रकारांची छापील चित्रं आणत होते. आई म्हणायची, "त्यात एक देव नाही, सगळी वाकडी तोंडं." चित्रकार दगडावर चित्र काढतो, त्याच्या मोजून पंचवीस प्रती छापतो, मग दगड घासून टाकतो, प्रत्येक प्रतीच्या खालच्या समासात पेन्सिलीनं तिचा क्रमांक घालतो आणि सही करतो, हे तुम्ही मला दहादा तरी सांगितलं असेल. रविवारी जेवणं झाली की तुम्ही हात धुऊन, पुसून, वर वाळवून चित्रांची पेटी उघडायचात. मी शेजारी बसायची आणि माझे कान समोरच्यांच्या नव्या केबल टीव्हीकडे. तेव्हा नीट ऐकलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

मी मद्रासला कॉम्प्युटर कंपनीत लागले, त्याच वर्षी तुम्ही निवृत्त होणार होतात. तुम्हाला चकित करायचं माझ्या मनात आलं. तुम्ही त्रिचीला लग्नाला गेलात तेव्हा पेटीतली अकराही चित्रं उचलून मी तंजावरच्या राजवाड्यामागच्या फ्रेमवाल्यांकडे नेली. ते तुमचे मित्र, वीस वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही त्यांच्या दुकानात कापी प्यायला बसायचात. त्यांचा जन्म तंजावुरी चित्रं मढवण्यात गेलेला. देव चौकटीला भिडून बसला पाहिजे, भोवती कोरी जागा सोडली तर काम अर्धवट, ही त्यांची रीत. तरी त्यांनी विचारलं. समासावर बोट ठेवून तमिळमध्ये म्हणाले, "पाप्पा, पोरी, इथं पेन्सिलीनं काही लिहिलंय. सारांना, तुझ्या अप्पांना, विचारून घेऊ?"

"त्यांना विचारलं तर गंमत काय राहिली? कापा आणि फळीला चिकटवा," मी म्हणाले. मोठी शहाणी.

निवृत्तीच्या दिवशी भिंतीवर सोनेरी चौकटींची रांग. तुम्ही पहिल्या चित्राच्या खालच्या काठावरून बोट फिरवलंत, मग दुसऱ्याच्या, असं करत अकराव्यापर्यंत गेलात. "हे कापायला कोणी सांगितलं?" तुम्ही हळूच विचारलंत. आणि मी म्हणाले, "त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं, अप्पा. मला काय माहीत." तुम्ही मला रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "त्यांना तरी कळायला हवं होतं."

त्या संध्याकाळी तुम्ही दुकानात गेला नाहीत, दुसऱ्याही नाही. मी अजून सुट्टीवर होते, तेव्हा एकदा ते स्वतः आले आणि ओट्यावर टेकले. तुम्ही आतूनच सांगितलंत, "झोपलोय म्हणून सांग." तो निरोप मीच दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तर माझं पितळ उघडं पडलं असतं. "सारांना जप," म्हणाले आणि चप्पल घालून चालू लागले. पुढं चार वर्षांनी तुम्ही गेलात, तोवर तुम्ही दोघं एकदाही बोलला नाहीत. चित्रांची माती झाली याची हळहळ आहेच, पण तुमचा मित्र मी तोडला, अप्पा, आणि म्हातारपणी तुम्हाला एकटं पाडलं. याची मला लाज वाटते.

ते अजून आहेत. दुकान मुलगा बघतो, ते बाहेर खुर्ची टाकून बसतात. मी मद्रास सोडून परत आले, आता माझ्या घरापासून ते दुकान चालत दहा मिनिटं. बाजारात जाताना मी मागच्या गल्लीनं जाते. हे सगळं खरं तर त्यांना जाऊन सांगायला हवं. तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.