आजोबांच्या पिस्तुलाचा खटका

९ जानेवारी, गुरुवार

तेलविहिरीच्या रिगवर माझ्याबरोबर काम करणाऱ्या बोदरोशी पुन्हा वाजलं. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. विषय तोच – कमरेला लावायच्या पिस्तुलाला खटका, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असतो तो, हवा की नको.

तो म्हणतो नको. त्याचं बिनखटक्याचं आहे. ओढलं, चाप दाबला, संपलं. मला तो माझ्या राज्यावरून केंटकीच म्हणतो. "अरे केंटकी, दारात माणूस उभा राहिला ना, की तुझा अंगठा तुझा राहत नाही. मांजरासारखा पलंगाखाली जाऊन बसतो. मग बस खटका शोधत!"

मी म्हटलं, "आणि इथे रिगवर? दुरुस्तीला पंपाला हात लावायच्या आधी त्याच्या बटणाला कुलूप घालतोस ना, कोणी चालू करू नये म्हणून? तुझं तू, माझं मी, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. पंपाला कुलूप लागतं, मग पिस्तुलाला का नको?"

"कारण पंप तुझं दार फोडून आत येत नाही."

सगळे हसले. मीपण हसलो. ताईच्या दारात कोण येणार आहे ते यांना काय माहीत.

तिचा आधीचा नवरा, गार्लंड, मंगळवारी तुरुंगातून सुटतोय. चौदा तारखेला.

१० जानेवारी, शुक्रवार

बाहेर उणे अठरा. पापण्यांना बर्फ. बारा तास विहिरीचे लोखंडी पाइप उचलले, डोकं मात्र घरी.

गार्लंडने ताईचं मनगट मोडलं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. अकरावीत होतो, तेव्हाच शाळा सोडली. आई गेल्यावर मला वाढवलं तिने, आणि मी काय केलं? बाराशे मैलांवर येऊन बसलो. तुरुंगातून त्याने तिला एकच पत्र पाठवलं. दोन ओळी. 'मी येतोय. दार उघडं ठेव.' कोर्टाचा कागद आहे तिच्याकडे, त्याने जवळ यायचं नाही म्हणून. कागद!

म्हणून ऑगस्टमध्ये तिला शिकवलं. घरामागच्या उतारावर, माझ्या पिस्तुलाने. खटका वर म्हणजे बंद. खाली म्हणजे चालू. अंगठा खाली, मग चाप. अंगठा खाली, मग चाप. रोज संध्याकाळी रिकाम्या पिस्तुलाने शंभर वेळा, टीव्ही बघता बघता. शेवटी ती वैतागली. "डेन्झिल, आता मी चमचा उचलला तरी अंगठा खाली जातो रे!"

मी म्हटलं, तेच पाहिजे.

खटका हवाच होता. घरात जोसी आहे, पाच वर्षांची, प्रत्येक गोष्टीला हात लावणारी. ताई धुलाईच्या दुकानात दिवसभर वाकून काम करते, पिस्तूल ॲप्रनखाली कमरेला. कशात तरी अडकलं, पडलं, तर?

तेव्हा आजोबांच्या जुन्या डब्यातल्या दहा गोळ्या पण मारून बघितल्या होत्या. दोन उडाल्याच नाहीत. तिला काढून दाखवल्या – बघ, पाठीवर बारीक खळगा पडलाय. म्हणजे घोडा पडला, पिस्तुलातली सुई गोळीला लागली, गोळीच मेलेली. खळगा नसेल तर समजायचं सुई पोचलीच नाही.

एवढं सगळं शिकवलं आणि स्वतःचं पिस्तूल घेऊन इकडे आलो. गाढव! कॅम्पात आत नेऊ देत नाहीत. गाडीत पडून गारठतंय.

११ जानेवारी, शनिवार

होबार्ट काकांना फोन. ते वडिलांचे थोरले भाऊ, गावात राहतात. त्यांच्या कपाटात आजोबांचं पिस्तूल आहे, लष्करात असताना जर्मनीहून आणलेलं. त्यालाही खटका आहे, लहानपणी बघितलेला आठवतो. म्हटलं, ताईला नेऊन द्या, आजच.

काकांना ऐकू येत नाही. तीनदा ओरडून सांगितलं. "ओरडतोस कशाला, ऐकू येतंय मला," म्हणाले. आणि मग, "कोणाला द्यायचं?"

१२ जानेवारी, रविवार

दिलं! ताईने फोटो पाठवला. स्वयंपाकघरातलं टेबल, जोसीची दुधाची वाटी, शेजारी आजोबांचं पिस्तूल. खाली लिहिलंय, 'भरलेलंच आलं. खटका वर, तू सांगितलंस तसा. एकही मारून बघितली नाही, जोसी घाबरते.'

मी लिहिलं – त्यातल्या गोळ्या आजोबांच्या वेळच्या. उद्या नव्या आण.

'आणते रे बाबा. जेवलास का?'

बीन्स आणि कॉर्नब्रेड, ताई. तुझ्या हातचं नाही, पण जेवलो. आज झोप लागेल.

१३ जानेवारी, सोमवार

अक्षर बघ कसं आलंय.

सकाळी बोदरोला फोटो दाखवला. ऐटीत. बघ म्हटलं, खटकेवालं. त्याने चहा पिता पिता बघितलं आणि कप खाली ठेवला.

"केंटकी, हे चालू आहे."

"बंद आहे. खटका वर आहे."

"याचा उलटा असतो. माझ्या मामाकडे होतं असलंच. वर म्हणजे चालू. तो लाल ठिपका दिसतोय ना? खाली म्हणजे बंद. खाली असला की सुई अडकते, गोळीला लागतच नाही." मग माझ्याकडे बघून हळूच, "कोणाचं आहे हे?"

सांगितलं. सगळं. तो हसला नाही.

दुधाच्या वाटीशेजारी चालू पिस्तूल! आणि गार्लंड दारात आला की ती काय करणार? मी शिकवलंय तेच. अंगठा खाली. म्हणजे स्वतःच्या हाताने पिस्तूल बंद करणार, आणि मग चाप दाबत बसणार. शंभर वेळा, दोन आठवडे, रोज! मीच घोटवून घेतलं. गार्लंडला काही करायची गरजच नाही. मीच करून ठेवलंय.

फोन लागत नाही – ताईचा, काकांचा, शेरीफच्या पोलिसांचा, कोणाचाच. तिकडे पाऊस पडता पडता गोठलाय, सगळ्यावर बर्फ. तारा तुटल्या, टॉवर बंद. तेहतीस वेळा लावला.

१३ जानेवारी, पुन्हा

चाळीस वेळा.

१४ जानेवारी, मंगळवार

आज सुटला तो.

फोरमनकडे गेलो. म्हटलं, मला सोडा, घरी जायचंय. तो म्हणाला, "कशाने जाणार? उडत?" वाऱ्याने बर्फ उडतोय, पोलिसांनी सगळे रस्ते फाटकं लावून बंद केलेत. त्याने खिडकीचा पडदा बाजूला केला. बाहेर काहीच नाही. पांढरं. माझी गाडीसुद्धा दिसत नाही.

मी काय बोललो आठवत नाही. खुर्ची लाथाडली बहुतेक. त्याने रागावायला हवं होतं. तो म्हणाला, "बस. पाणी पी." त्याने मला आज कामावर घेतलं नाही. म्हणाला, असा माणूस पंपाजवळ नको.

मग खोलीत बसून तेच. लावतोय, वाजत नाही. लावतोय, वाजत नाही. उजवा अंगठा आपोआप खाली जातोय. मी थांबवतोय, तरी जातोय.

खटकाच नसता तर? बोदरोचं ऐकलं असतं तर ती निदान मारू शकली असती. आणि जोसीने हात लावला असता तर? डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतंय.

१५ जानेवारी, बुधवार

काकांचा फोन लागला! गावातल्या तारा आज जोडल्या, ताईच्या डोंगराकडच्या अजून तुटलेल्याच. मी ओरडायला लागलो. पलीकडून "कोण? कोण बोलतंय?"

"डेन्झिल! काका, ताईकडे जा! आत्ता! तिला सांगा खटका उलटा आहे! वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद!"

"कोण उलटा पडला?"

भिंतीपलीकडचे लोक ठोकायला लागले. मी ओरडत राहिलो, रडतही होतो. शेवटी काका शांतपणे म्हणाले, "वर चालू, खाली बंद. लिहून घेतलं. रडू नकोस. माझी गाडी बर्फात चढणार नाही. शेजाऱ्याचा ट्रक घेतो."

तीनचा सुमार. पोचायला एक तास. आता पाच वाजले. सहा. काकांच्या घरी कोणी उचलत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

काका परत आलेत. जिवंत आहेत. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

शेजाऱ्याचा ट्रक पांढरा. गार्लंडचा पण पांढरा होता. मला काय माहीत! काकांनी तोंडाला मफलर गुंडाळलेला, कानातलं यंत्र घरी विसरलेलं. पायऱ्या चढले. ताई आतून ओरडली, कोण आहे? ऐकू कुठे येतंय! पुन्हा ओरडली. काकांनी आपल्या घरात शिरतात तशी दाराची मूठ फिरवली – आमच्याकडे दार वाजवतं कोण? – आणि दार उघडलं.

समोर ताई, दोन्ही हातांत पिस्तूल, काकांच्या छातीवर.

तिने चाप दाबला.

काही झालं नाही.

काकांनी मफलर खाली ओढला. म्हणाले, "पोरी, डेन्झिलचा निरोप आहे. खटका उलटा आहे."

ती खालीच बसली म्हणे. बराच वेळ काकांचा बूट धरून बसली.

मी फोनवर विचारलं, खटका कुठे होता? काकांनी पुन्हा विचारायला लावलं. मग म्हणाले, "खाली होता. तू शिकवलंस तसाच." पिस्तूल आहे तसं टॉवेलात गुंडाळून आणलंय त्यांनी. "मी नाही त्यातलं काही काढत. तू ये, तू रिकामं कर." ताई आणि जोसी आता काकांकडेच राहणार. बरं झालं. फार बरं झालं.

बोदरोला सांगितलं. तो टोपी काढून टेबलावर ठेवून बसला. "मग तूच जिंकलास," म्हणाला. "खटका हवा. आणि उलटा हवा."

पहिल्यांदा हसलो तीन दिवसांत. हसता हसता ओकलो.

१७ जानेवारी, शुक्रवार

ताईचा फोन, काकांच्या घरून. आवाज बसलेला.

"तुझ्यामुळे वाचले रे काका. मला काही आठवत नाही. अंगठा कधी गेला कळलंच नाही. शंभर वेळा करून घेतलंस, मी किती शिव्या घातल्या तुला."

मी म्हटलं, "चमचा उचलतेस तेव्हा अजून जातो का अंगठा?"

"गप रे!" मग रडायला लागली. "डेन्झिल, मी मारलंच असतं. त्यांनाच मारलं असतं."

"नाही मारलंस ना. हाताला कळत होतं तुझ्या."

असं म्हणालो मी. अगदी शहाण्यासारखा.

१८ जानेवारी, शनिवार

रिगवर कार्ड भरायची पद्धत आहे – होता होता टळलेला अपघात. काय झालं, का झालं, कशामुळे टळला. मी आज एक भरलं, आमचंच. 'कशामुळे टळला' या रकान्यात लिहिलं – सराव. पेटीत टाकलं नाही. वहीत ठेवलंय.

२० जानेवारी, सोमवार

गार्लंड गावात दिसला, पेट्रोल पंपावर. काकांच्या रस्त्याने दोनदा गेला, थांबला नाही. शेरीफचा माणूस आता काकांच्या अंगणात गाडी लावून बसतो.

ताई विचारते, पिस्तूल परत मागू का काकांकडून? आता माहीत आहे मला, वर म्हणजे चालू. मी म्हटलं, मी येईपर्यंत थांब. परवा माझी इथली कामाची पाळी संपतेय. माझं पिस्तूल देईन तुला, तुझ्या अंगठ्याला ओळखीचं आहे. त्या अंगठ्यावर माझा विश्वास आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

दोन दिवस गाडी हाकत घरी पोचलो. ताई जोसीला आणायला गेलेली. काकांनी टॉवेल टेबलावर ठेवला.

मॅगझिन काढलं. वरचा भाग मागे ओढला. नळीतली गोळी टेबलावर पडली, गोल गोल फिरत काकांच्या बशीला लागून थांबली. आजोबांच्या वेळची, हिरवी पडलेली. उचलून उलटी केली.

पाठीवर खळगा. सुई लागली होती.

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. "तिने चाप दाबला तेव्हा वरच होता खटका," म्हणाले. "मी खाली केला, ती रडत होती तेव्हा."

अंगठा हललाच नव्हता.

बाहेर ताईची गाडी वाजली. काका म्हणाले, "खिशात घाल ती गोळी."

घातली.